ज्योतीरामनं सरळ केलेलं सिंबल

माझं डोकं आजही तापतं, आणि कुणावर तापतं हे सांगायची लाज वाटते म्हणून आणखी तापतं.

चौऱ्याहत्तर साल. पिंपरीच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो आणि शिफ्ट सुटली की ड्रम वाजवायचो. जॅझ. घरचे त्याला डबे बडवणं म्हणत. पुण्याच्या कॅम्पातल्या एका हॉटेलच्या बँडमास्तरनं मला शनिवारी ऐकायला बोलावलं होतं. पसंत पडलो तर त्याच्या बँडमध्ये जागा. अट एकच: "राइड तुझं आण. बाकी सगळं माझ्याकडे आहे."

राइड म्हणजे ड्रमरच्या उजव्या हाताचं मोठं सिंबल, स्टँडवर बसवलेली काशाची थाळी. अख्खं गाणं त्याच्यावर चालतं. तीन रविवार मी कॅम्पातल्या वाद्यांच्या दुकानात ठाण मांडलं. एक सिंबल जाड होतं, नुसतं ठणठणायचं. संथ गाण्यात ते वाजवलं असतं तर लोकांनी मला उचलून बाहेर टाकलं असतं. दुसरं इतकं पातळ की चार ठोक्यांत त्याचाच गलका वाढायचा आणि काठी ऐकूच यायची नाही. तिसरं जुनं, काळपट, हातोडीच्या खुणांनी भरलेलं. त्यावर काठीचं टोक टेकलं की स्वच्छ टिंग, मागे थोडीशी गुंज. मधल्या फुगीर भागावर घंटा वाजायची, कडेवर जोरात मारलं की दणका. संथ, जलद, हळू, जोरात, सगळ्याला ते एकच पुरत होतं. दुकानदार म्हणाला, "ते उगाच पडून होतं कोपऱ्यात." मूर्ख माणूस!

गुरुवारी ते कारखान्यात नेलं, कारण शिफ्टनंतर कँटीनमध्ये सराव होता. माझ्या टेबलावर ठेवलं आणि ऑफिसात गेलो. माझी अक्कल शेण खायला गेली होती. त्या टेबलावरची वस्तू म्हणजे तपासायला आलेला माल, हे अख्ख्या वर्कशॉपला मीच शिकवलं होतं.

परत आलो तर सिंबल आरशासारखं चकचकत होतं. बाजूला आमचा टर्नर ज्योतीराम, मोशीहून सायकलनं येणारा, खुशीत उभा.

"सायेब, दुकानदारानं फशिवलं की तुमाला! कडंची जाडी कुटंच सारकी न्हाई, वर खड्डंच खड्डं. जेवनाच्या सुट्टीत लेथवर चढवलं, दोनी बाजूनी कट घेतला, बफ मारला. आता बगा."

मी पेन्सिलीनं वाजवलं. स्टीलच्या ताटासारखा आवाज आला.

"गाढवा!" मी ओरडलो. "हात लावायला कुणी सांगितलं तुला? त्या खड्ड्यांमुळंच ते वाजत होतं!" आजूबाजूची मशिनं थांबली. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

त्याचा चेहरा पडला, पण तो मागे सरला नाही.

"अकरा वर्सं माजा माल फेकताय तुमी. केसाएवडा फरक निगाला की मारला लाल रंग. येकदा तरी बसवून बगितला, चालतोय का न्हाई? तुमचा माल कुनी फेकू नये म्हून उपाशी ऱ्हायलो आज."

मी मायक्रोमीटर उचलला. आता त्याची चूक काढायचीच, या रागानं कडेची जाडी आठ ठिकाणी मोजली. मग पुन्हा मोजली.

"किती फरक हाय?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो, आणि शनिवारी कॅम्पात गेलो नाही.