एकेकाला एकेक शब्द

आमच्या सातवीच्या वर्गाकडे इंग्रजीचे आठ शब्द होते, आणि तेही आठ जणांत वाटून दिलेले. बॅट, कॅट, फॅट, हॅट, मॅट, पॅट, रॅट, सॅट. इंग्रजी पाचवीपासून होतं, पण तीन वर्षांत आम्ही तीन अक्षरांच्या पुढं सरकलो नव्हतो. एरवी त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. अडायचं ते तपासणीला.

म्हणून मार्तंड गुरुजींनी नामी युक्ती काढली होती. एकेकाला एकेकच शब्द. फळ्यावर शब्द ओळीनं, पुढच्या रांगेत पोरं त्याच ओळीनं. गुरुजी छडी सरकवत नेणार आणि ज्याची पाळी त्यानं उभं राहून आपला शब्द नि त्याचा अर्थ ठणकावून सांगायचा. दुसऱ्याच्या शब्दाला तोंड लावायचं नाही. माणिकराव पाटलांच्या पोराला बॅट मिळाली, कारण त्या साली वर्ल्डकप जिंकल्यापासून तिचा अर्थ सगळ्या गावाला ठाऊक होता. बन्सी वर्गात सगळ्यांत काटकुळा, त्याला फॅट, म्हणजे लठ्ठ. मला रॅट, म्हणजे उंदीर. विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाचे दिवस होते. दलित वस्तीतली पोरं मागं भिंतीला टेकून बसत. त्यांनाही एखादा शब्द द्यावा असं गुरुजींना वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं नाही.

हॅट अनसूयाची होती. आमच्या आळीतल्या आश्रुबाकाकांची थोरली. तिला आपली टोपी तर येतच होती, वर आमचे सातही शब्द येत होते. सातवीनंतर शिकायचं तर बोरीच्या हायस्कुलात जावं लागे, आणि तिच्या मामानं देवगाव फाट्याकडचं स्थळ आणून ठेवलेलं. नवरा मुलगा फाट्यावरच्या हॉटेलात भजी तळायचा. आश्रुबाकाका कात्रीत सापडले होते. त्यांना स्वतःला सही येत नव्हती, पण शिकलेल्या माणसाच्या बोलण्यावर फार भरवसा. शेवटी त्यांनी पारावर चारचौघांत सांगून टाकलं.

"तपासनीचा सायेब म्हनला पोरगी शिकंल, तर बोरीला धाडतो. न्हाई म्हनला तर वैशाखात उजवून टाकतो."

गुरुजींचंही घोडं तपासणीवरच अडलं होतं. त्यांची बायकापोरं परभणीत, आणि हे आमच्या गावात चार वर्षं स्वतःच्या हातानं भाकरी थापत होते. शेरा चांगला पडला तर बदली होणार होती.

माघ महिन्यात साहेब आले. पाटलांकडे नाश्ता झाला, अकरा वाजता ते वर्गात शिरले आणि पहिल्याच झटक्यात त्यांनी गुरुजींच्या हातातली छडी मागून घेतली. ती फळ्याच्या डाव्या टोकाला न ठेवता त्यांनी थेट रॅटवर ठेवली आणि पाटलाच्या पोराकडे बघितलं. ते उठलं आणि म्हणालं, "बॅट म्हणजे बॅट." साहेबांनी छडी हलवली नाही. दुसरा उठला, "कॅट म्हणजे मांजर." बन्सी उठला, "फॅट म्हणजे लठ्ठ." साहेबांना हसू आवरेना. गुरुजींच्या कपाळावर घाम आला होता.

मग अनसूया उठली. तिनं टोपी म्हणायला हवं होतं. तिनं फळ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "रॅट म्हणजे उंदीर."

माझा शब्द. पंधरा दिवस मी तो जेवताना, गुरांमागं, झोपेत म्हणत होतो. मला आयुष्यात प्रथमच साहेबासमोर बोलायचं होतं.

साहेबांचं हसणं थांबलं. त्यांनी छडी इकडून तिकडं नाचवली, तिनं आठही शब्द सांगितले. मग त्यांनी खडू घेतला, शेवटचं अक्षर पुसून नवीन अक्षर घातलं, आणि हे आम्हाला कुणीच शिकवलेलं नव्हतं. तिनं वाचलं, मॅन, पॅन, कॅप. अर्थ माहीत नव्हते, तर तिनं उलट साहेबांनाच विचारले, आणि साहेबांनी ते एकेक करून सांगितले. जाताना ते गुरुजींना म्हणाले, ही पोरगी वाया घालवू नका. बाकीच्यांबद्दल काय म्हणाले ते हळू आवाजात होतं, पण गुरुजींचं तोंड बघून कळलं.

साहेबांची जीप गेली आणि गुरुजींनी निरगुडीची छडी काढली. अनसूयाला हात लावला नाही. आम्हा सातांना मात्र फोडून काढलं. मला दोन छड्या जास्तीच्या बसल्या, आणि वर्गासमोर त्यांनी विचारलं की तुझा उंदीर ती पोरगी पळवत होती तेव्हा तू काय करत होतास. सगळे हसले. अनसूयासुद्धा हसली.

शाळा सुटल्यावरही मी एकटा व्हरांड्यात अंगठे धरून उभा होतो. तेव्हा आश्रुबाकाका शेतातून तसेच आले, अंगावर कापसाचे तंतू. पोरीनं शेतात जाऊन सगळं सांगितलं होतं, पण त्यांना ते गुरुजींच्या तोंडून ऐकायचं होतं.

गुरुजींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. शेरेबुक उघडलं आणि अगदी मायेनं सांगितलं की आश्रुबा, साहेबांनी लिहून ठेवलंय, पोरीला पुढं झेपणार नाही. वर बोट ओळीवर फिरवत वाचूनही दाखवलं. आश्रुबाकाका त्या कागदाकडे बघत राहिले.

वही माझ्या बाजूला झुकलेली होती. शेरा मराठीतच होता. "कु. अनसूया हिला पुढील शिक्षण अवश्य द्यावे." एवढं मला वाचता येत होतं.

"पन पोरगी तर येगळंच सांगायलीय," आश्रुबाकाका म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "मुंजा, तू व्हतास न्हवं वर्गात? सायेब काय म्हनला?"

गुरुजी माझ्याकडे बघत होते, हे खरं. पण त्यांच्या धाकानं बोललो असं म्हणून मी आजवर एकदाही सुटका करून घेतलेली नाही. मला ते बोलायचंच होतं. माझे तळहात सुजले होते आणि ती हसली होती.

"झेपनार न्हाई म्हनले," मी म्हणालो. "तिला टोपी बी सांगता आली न्हाई, काका."

ते घरी गेले आणि शिकता येत नाही म्हणून नव्हे, तर बापाशी खोटं बोलली म्हणून त्यांनी अनसूयाला मारलं. तिच्या आईनं, चतुराकाकूंनी, मध्ये पडून सोडवलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. एकट्या अनसूयामुळं बाकीचा वर्ग उघडा पडला, त्याचा राग गुरुजींनी असा काढला; पण त्यांचा शेरा बिघडला तो बिघडलाच, बदली काही झाली नाही. म्हणजे त्यात कुणाचाच फायदा नव्हता.

वैशाखात लग्न ठरलं. आश्रुबाकाका मला मुद्दाम बोलवायला घरी आले, माझ्या बापाला म्हणाले की तुमचं पोरगं खरं बोलणारं आहे. माझ्या बापानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

हळदीच्या दिवशी आईनं मला परात द्यायला त्यांच्या घरी पाठवलं. बायका मांडवात होत्या. अनसूया आतल्या खोलीत एकटी बसली होती, हातापायांना हळद, हिरवा चुडा कोपरापर्यंत घसरणारा. परात ठेवून मी वळलो तर तिनं हाक मारली.

"का रं सांगितलंस तसं?"

खोटं सुचलं नाही. "माझा शब्द व्हता त्यो," मी म्हणालो. "तू का घेतलास?"

ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

"मला ठावं न्हवतं तुला इतकं लागंल," ती म्हणाली. "आधी सांगायचं की. मी गप बसले असते."

बाहेरून तिला कुणीतरी बोलावलं. ती उठली, चुडा सावरला आणि गेली.