टाकी उतरवण्याचा प्रश्न

यांच्या मोटारसायकलीच्या इंजिनाचा माथा उघडण्यावरून आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा मुलीचे लग्न ठरवतानाही झाला नव्हता. लग्नाच्या वेळी निदान मुलगा समोर बसवून पाहता आला होता. इथे इंजिनाचा माथा कोणाच्या दृष्टीसच पडत नव्हता. त्याच्यावर पेट्रोलची टाकी बसली होती, आणि त्या टाकीला हात लावण्याची घरातल्या एकाही पुरुषाची छाती नव्हती.

माझे यजमान गेल्यावर ही जुनी गाडी चालवणारी एकटी माझी सून. तिला ती यांनीच शिकवली होती, आणि रोज सकाळी ती त्याच गाडीवरून कामावर जात असे. मग ती आजारपणात माहेरी राहून आली, तोवर गाडी शेडमध्ये उभीच राहिली. परत येऊन पाहते तो किकवर ठेवलेला पाय लोण्यात रुतावा तसा खाली जाई आणि इंजिन हुं की चूं करीत नसे. नेमका त्याच सुमारास माझ्या धाकट्या दिरांचा नवा बंगला बांधून झाला. दिवाणखान्यातली एक भिंत त्यांना ओकीबोकी वाटत होती.

"वहिनी, गाडी आता बंद ती बंदच," भावजी म्हणाले. "मी भिंतीवर टांगतो. वरून दिवे सोडतो. दादाची आठवण राहील."

"तुमच्या दादांचा फोटोसुद्धा मी अजून भिंतीवर टांगलेला नाही. गाडी कुठली टांगू देते?"

"मग काय, शेडमध्ये सडवणार?"

सडवणार हा शब्द मला झोंबला. "रविवारी या," मी म्हणाले. "तोवर गाडी बोलली तर ती सुनेची. नाही बोलली तर तुमची. दोरखंड तेवढे आपले आणा."

सुनेचा चेहरा पडला. त्या दिवशी कामावरून येताना ती बसच्या गर्दीचा घाम पुसत आली आणि शेडकडे न पाहता आत गेली. मी दिलेला शब्द मोडत नाही हे तिला ठाऊक होते, आणि तीच तिची अडचण होती.

कामाला दोन मर्द लागले. एक माझे चिरंजीव, जे कचेरीत माणसांना कामे वाटून देतात आणि त्यालाच काम समजतात. दुसरे आमचे जावईबापू. त्यांना कोणतेही यंत्र फोनवर पाहून समजते. प्रत्यक्ष पाहिले की समजेनासे होते. तरी त्यांचे निदान बरोबर होते, हे मी कबूल करते. इंजिनात हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्यातली एक उघडी राहून अडकली होती, म्हणून आत दाब धरत नव्हता. माथ्यावरचे झाकण काढायचे, झडप मोकळी करायची. एवढेच.

"पण झाकणाच्या नटापर्यंत पाना जात नाही," जावई म्हणाले. "मध्ये टाकी आहे."

"मग टाकी उतरवा," मी खुर्चीतून म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्या बायकांचे दागिने विकायला काढले होते.

"आई, त्या टाकीवर बाबांच्या हातच्या सोनेरी रेघा आहेत," चिरंजीव म्हणाले. "एक ओरखडा गेला तर पुन्हा तशी रेघ ओढणारा माणूस आणायचा कुठून?"

आमच्या घरात या रेघांचे फार प्रस्थ. पाहुणे आले की त्यांना आधी टाकी दाखवायची आणि मग पाणी विचारायचे. पुसायला वेगळे मऊ फडके, आणि ते फडके धुवायला वेगळा साबण. टाकीला तेवढे लाड, आणि तिच्याखालचे इंजिन मात्र तेलाच्या एका थेंबाला महाग!

तेव्हा ठरले असे, की टाकी जागच्या जागी ठेवून, तिच्यावर रजई पांघरून, खालच्या फटीतून काम करायचे. जावयांनी नवा कोरा पाना करवतीने कापून आखूड केला. तो बसेना, म्हणून वाकवला. वाकवलेला पाना नटावर बसला, पण फिरेना. चिरंजीव टॉर्च धरून जमिनीवर आडवे झाले.

"थोडा डावीकडे, जावईबापू."

"तुमचा डावा की माझा?"

"गाडीचा!"

"दादा, टॉर्च नटावर मारा, माझ्या डोळ्यांत काय मारताय?"

शनिवारची दुपार अशीच गेली. नटाचे कोपरे घासून तो गुळगुळीत होत चालला, दोघांची कोपरे सोलून निघाली आणि टाकीवर सुरकुतीसुद्धा न पडलेली रजई तशीच पांघरलेली राहिली. शेवटी जावई उठून म्हणाले, "हा या इंजिनाच्या रचनेतलाच दोष आहे." ज्या इंजिनाने सासऱ्यांना उभे आयुष्य वाहिले, त्याची रचना जावयांना पसंत पडली नाही.

मी खुर्चीवरून उठले. मी उठले की आमच्याकडे आवाज आपोआप खाली येतात.

"ती रजई काढा," मी म्हणाले. "आणि नीट ऐका. तुमचे बाबा ही टाकी दर उन्हाळ्यात उतरवत. पातेल्यावरचे झाकण उचलावे तशी. ठेवायचे कुठे, तर माझ्या पलंगावर. एकदा नव्हे, अनेकदा आपटली. त्या ओरखड्यांवरून मी बोलत असे, म्हणून ते लपवायला त्यांनी वरून रेघा ओढल्या. जिथे रेघ जाड आहे, तिथे खाली मोठा ओरखडा आहे. इतकी वर्षे तुम्ही पाहुण्यांना जे दाखवता आहात, ते माझ्या नवऱ्याचे धांदरटपण आहे."

चिरंजीव बोट पुढे करून जाड रेघेजवळ गेले, पण बोट टेकवण्याचा धीर झाला नाही. सुनेने तोंडाला पदर लावला. ती हसत होती.

"सूनबाई, तुम्ही या पुढे," मी म्हणाले. "या दोघांना टाकीपुढे नट दिसत नाही."

आधी सीट निघाली, मग टाकीचे बोल्ट. सून पेट्रोलचा कॉक बंद करायला वाकली, तेवढ्यात मदतीच्या उत्साहात जावयांनी नळी ओढली. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. "शेडबाहेर उभे राहा आणि काही पेटवू नका," असे सांगून मी त्यांना अंगणात काढले. टाकी उचलली गेली आणि खाली इंजिनाचा माथा उघडा पडला: काळा, तेलकट, कधी कोणी लाड न केलेला. यांच्या पेटीतला जुना पाना सरळ बसला. झाकण निघाले. सुनेने झडपेच्या दांड्यावर तेल सोडले, हातोडीच्या लाकडी मुठीने बाजूंनी हळूहळू ठोकले, पुन्हा तेल सोडले. दांडा हलेना. तिच्या कपाळावर घाम आला. मी तेलाची बाटली तिच्या हाताशी सरकवली. अशा वेळी बोलणारी माणसे घरात पुरेशी होती. मग टक्क आवाज झाला आणि झडप स्प्रिंगच्या जोराने वर येऊन बसली.

रविवारी सकाळी तिने झाकण लावले, टाकीऐवजी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली पेट्रोल भरून शेडच्या आढ्याला टांगली आणि नळी इंजिनाला जोडली. ती किक मारायला उभी राहते तोच फाटकाशी भावजींची गाडी थांबली. मागे टेम्पो, टेम्पोत दोन हमाल आणि दोरखंड.

किक. काही नाही. भावजींनी हमालांना हाताने पुढे बोलावले. पुन्हा किक. इंजिनाने एकदा खाकरून घेतले आणि मग असा आवाज काढला, की हमालांच्या हातून दोरखंड गळाले.

"पण वहिनी," भावजी त्या आवाजावर ओरडून म्हणाले, "टाकी कुठे आहे? टाकीवाचून कसली गाडी? शर्त पुरी झाली नाही!"

"शर्त बोलण्याची होती. ही तर तुमच्याहून मोठ्याने बोलते आहे."

टाकी माझ्या पलंगावर होती. भावजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि त्यांच्या नजरेवरून मला उमगले, की भिंतीवर त्यांना हवे होते ते एवढेच.

"घेऊन जा," मी म्हणाले.

"आई!" चिरंजीव आणि जावई एका सुरात किंचाळले. मुलीच्या लग्नानंतर त्या दोघांचे एकमत झालेले मी प्रथमच पाहिले.

"सुनेला बाजारातली साधी टाकी बसवून घेऊ. तिला कामावर जायचे आहे, प्रदर्शनात नव्हे. भावजी, आता या गाडीचे नाव पुन्हा काढायचे नाही."

"नाही काढणार, वहिनी." टाकी त्यांनी छातीशी धरली होती.

दोघे मर्द शालजोडी आणल्यासारखी रजई घेऊन फाटकापर्यंत निरोप द्यायला गेले. "खड्ड्यातून सांभाळून न्या हं, काका," चिरंजीवांचा आवाज आला.

बाटलीत अजून पेट्रोल होते आणि इंजिन चालू होते.

"सूनबाई, एवढ्या पेट्रोलवर कोपऱ्यापर्यंत जाऊन येता येईल?"

"येईल, आई. बाटली मागे बसणाऱ्याने हातात उंच धरायची. पण आधी सीट लावावी लागेल."

"मग लावा. आणि ते दोघे परत यायच्या आत लावा. नाही तर बाटली कोणी धरायची, यावर ते बैठक बोलावतील."