फादरच्या घरची कढई

मी तोंडाची फाटकी बाई आहे, हे आमच्या खैरडोहात कोणालेही विचारा. नाव पंचफुला. फादर गावात आले तव्हापासून मिशनच्या घरची चूल माझ्याकडं आहे. मी काही ख्रिस्ती नाही. घरी मारोतीचा फोटो आहे, शनिवार धरतो. फादरनं त्याच्यावरून कधी एक शब्द काढला नाही. उलट शुक्रवारी रात्री तेच मले विचारतात, फुलाबाई, साबुदाणा भिजवला काय. असा माणूस.

फादर वर्की केरळचे. पण बोलाले लागले की कोणाले खरं वाटत नाही. 'मले' अन् 'काहून' तर असं म्हणतात की नागपूरचे शिकलेले पोट्टे लाजून जातील. त्यायच्याकडं एक जुनी फटफटी आहे, अन् तिच्यावर ते आजूबाजूच्या साऱ्या टोल्या, वाड्या-वस्त्या पालथ्या घालतात. कोणाचं पोरगं तापलं की आधी फादरले फोन, मंग डॉक्टरले. रुपराव पाटलाची म्हैस विहिरीत पडली तव्हा झगा कमरेले खोचून दोर बांधून खाली उतरले होते. करोनाच्या साली सख्खा भाऊ भावाच्या दारात जात नव्हता, तव्हा हा माणूस तिरडीले खांदा द्याले जाय. मेलेला ख्रिस्ती आहे की कोण, हे विचारलं नाही. राग तर त्यायले येतच नाही. त्यायच्या वाटचा रागही मलेच करा लागते.

त्यायची माय होती. ते तिले अम्मची म्हणत, म्हणून सारं गाव अम्मची म्हणे. ती दर डिसेंबरात एक पत्र्याचा डबा पाठवे. त्यात तांदळाच्या पिठाची फुलं. नारळाच्या दुधात पीठ कालवायचं, लोखंडाचा साचा त्यात बुडवायचा अन् तेलात सोडायचा. नाताळच्या दिवशी घरोघरी एकेक फूल जाय. ख्रिस्त्यायच्या घरी जाय अन् आमच्याही.

एका हिवाळ्यात ती इथं येऊन राहिली होती. तिले मराठी येत नव्हतं, मले तिची भाषा येत नव्हती. चुलीपाशी बसून आम्ही दोघी महिनाभर बोललो, अन् पीठ पातळ झालं की घट्ट याच्यावरून भांडलोही. काही अडलं नाही. जातानी माझा हात धरून कितीतरी वेळ काहीतरी सांगत होती. मी आपली मान डोलवत होती. पोराकडं लक्ष ठेव, याच्याहून दुसरं काय म्हणणार होती?

या डिसेंबरात फोन आला. फादर चर्चपुढं पोट्ट्यायले गव्हाणीचा देखावा कसा मांडायचा ते दाखवून राहिले होते. फोन खिशात ठेवला, हातातलं तणीस खाली ठेवलं, अन् माझ्याकडं येऊन म्हणाले, "फुलाबाई, अम्मची गेली." संध्याकाळच्या गाडीनं निघूनही गेले. डोळ्यात टिपूस नाही. मले तेच बरं वाटलं नाही. रडलं नाही ते दुःख आत कुजते.

आता आमच्याकडची रीत सांगतो. ज्याच्या घरी मयत झाली, त्याच्या घरी अन् त्याच्या भाऊकीत पहिल्या सणाले कढई चढत नाही. मंग सुतकाबाहेरचं कोणीतरी आपल्या घरी तळलेलं गोड घेऊन येते, दुःखातल्या माणसाच्या तोंडात घास घालते, अन् सण मोकळा होते. घास मिळाला नाही तर सण अडते.

फादर गेले त्याच सांजेले रुपराव चर्चच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, या माणसाले बायको नाही, लेकरू नाही, त्याची इथं भाऊकी कोण? आम्हीच. ख्रिस्त्यायच्या घरच्या कढया खुंटीले लागल्या, अन् आमच्याही लागल्या. दरवर्षी नागपूरच्या सीताबर्डीहून कागदाची मोठी चांदणी येते, ती आणाले कोणी गेलं नाही. गव्हाणीचं तणीस गोठ्यात परत गेलं. चर्चच्या घंटेचा दोर वर बांधून ठेवला. माझी लेक वैभवी नागपुरात सक्करदऱ्याले राहते. ती फोनवर म्हणे, आई, त्यायच्या धर्मात सुतक नसते. मी म्हटलं, त्यायच्यात नसन, आपल्यात आहे, अन् माणूस आपला आहे. फोन ठेवून देला.

आम्हाले वाटलं होतं, फादर काही नाताळाले येत नाहीत. त्यायच्याकडं एक्केचाळीसाव्या दिवसाचा विधी असते, भाऊ सोडतील कशाले? पण नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी ते नागपूरच्या बसमधून उतरले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. भावायनं थांब म्हटलं होतं. त्यायले हे सांगून आले, की माझ्या घरी नाताळ आहे.

मी पुढं होऊन पिशवी घेतली. दुसऱ्या हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, ते काही त्यायनं मले देलं नाही. मले राग आला. आजवर या माणसाचं काय मी उचललं नाही?

अन् मंग ते चर्चपुढं थांबले. चांदणी नाही, गव्हाणी नाही. नाताळाच्या आदल्या दिवशी गावात शिरलं की तेलाचा वास नाकात बसते, तो नाही. त्यायनं माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं रुपरावाकडं. रुपरावानं खाली मान घालून सारं सांगितलं.

फादर पायरीवर बसले. मले वाटलं, आता हसतील अन् म्हणतील, अरे वेड्यायनो, लावा दिवे. त्यायच्या एका शब्दावर गाव उठलं असतं, अन् खरं सांगतो, मी त्या शब्दाची वाटच पाहून राहिली होती. पण ते म्हणाले, "माझ्या मायसाठी तुम्ही पाळलं. आता मी ते मोडू कसं? तुमच्या रितीनंच मोकळं करा."

रुपरावाचं तोंडच उतरलं. काहून, ते मलेही तव्हाच समजलं. मोकळं करायचं तर सुतकाबाहेरचं घर पाहिजे. अन् बाहेर होतं कोण? साऱ्या गावानं सुतक अंगावर घेतलं होतं, टोल्यायनंही घेतलं होतं. घास द्याले बाहेरचा एक माणूस आम्ही शिल्लक ठेवला नव्हता. असे आम्ही शहाणे. कोणी म्हणालं, बाजारातून बालूशाही आणू. रुपराव म्हणाले, विकतचं चालत नाही, घरच्या कढईतलं पाहिजे.

दिवस कलाले लागला होता. आमच्याकडं रात्री सारे रानडुकरं हाकलाले वावरात जातात, म्हणून नाताळची मिस्सा, चर्चमधली मोठी प्रार्थना, दिवस बुडतानाच होते. टोल्यायवरचे लोक निघालेही असतील. चर्च बांधलं तव्हापासून नाताळाले घंटा वाजली नाही असं कधी झालं नव्हतं. अन् ज्यानं मायचं दुःख तिकडं टाकून आमच्यासाठी रेल्वेत हाडं मोडून घेतली, त्याचा सण आमच्यामुळं कोरडा जाणार होता. मले नुसतं भडभडून आलं.

तव्हा गर्दीतून कोणीतरी हळूच दत्तोपंताचं नाव काढलं.

दत्तोपंताचा संत्र्याचा बगीचा मिशनले लागून आहे. त्यायच्या पोरानं दुसऱ्या जातीतली सुरुची पळवून आणली, तव्हा बापाच्या धाकानं दोघं मिशनमध्ये लपले होते. फादरनं त्यायले दुसऱ्या दिवशी हाताले धरून बापाच्या दारात नेलं अन् साऱ्यायसमोर म्हणाले, पोरं तुमची आहेत, घरात घ्या. दत्तोपंतानं पोरायले घेतलं. पण चारचौघात मान खाली गेली, तो राग फादरवर काढला. बगीच्यातून चर्चची पायवाट होती, तिच्यावर बाभळीच्या काट्यायचं कुंपण घातलं. तव्हापासून म्हातारे-कोतारे नाल्याचा वळसा घालून मिस्सेले येतात. फादरशी भांडण असलेलं गावात ते एकच घर. म्हणजे सुतकाबाहेरचंही तेच.

मी म्हटलं, त्याच्या दारचा घास घेण्यापरीस माती खाल्लेली बरी. फादर उठले, कपडे झटकले अन् चालू लागले. मंग काय, मी अन् रुपराव मागं मागं.

दत्तोपंत ओसरीवर बसले होते. फादर अंगणातच थांबले अन् हात जोडले. "दत्तोपंत, माझी माय गेली. सण अडला आहे. तुमच्या घरचा एक घास द्या."

दत्तोपंत पायाच्या अंगठ्याकडं पाहत बसले. मंग म्हणाले, "फादर, मले देता येत नाही."

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यायले काय काय बोलली ते इथं सांगत नाही. काट्याच्या कुंपणापासून सुरू केलं ते त्यायच्या आज्यापर्यंत गेली. फादर फुलाबाई, फुलाबाई करत होते, पण मी काही थांबली नाही. थांबवलं ते सुरुचीनं. ती दारात आली, तोंडाले पदर लावलेला.

"मावशी, बाबायले नका बोलू," ती म्हणाली. "आमच्याही घरी कढई चढली नाही. अम्मची गेल्याचं ऐकलं त्या दिवसापासून बाबायनं चढूच देली नाही."

दत्तोपंतानं मान वर केली नाही. "माझी बायको उत्तरा अंथरुणाले खिळली होती तव्हा ती बाई रोज येऊन तिच्या पायाले तेल चोळत बसे," ते म्हणाले. "एक शब्द येत नव्हता तिले आपला. माझं भांडण फादरशी आहे. तिच्याशी कधीच नव्हतं."

माझ्या तोंडाले असं कुलूप कधी लागलं नव्हतं. तो हिवाळा मले आठवला. दुपारी भांडे झाले की म्हातारी तेलाची बाटली घेऊन कुठी जाते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

फादर वळले अन् कुंपणाचा वळसा घालून मिशनकडं गेले. रुपराव म्हणाले, संपलं, आता तर बाहेरचं कोणीच राहिलं नाही. पण फादर परत आले. हातात ते गाठोडं होतं. ओसरीच्या कठड्यावर ठेवून गाठ सोडली, तर आत पत्र्याचा डबा. झाकणाले चारही बाजूनं चिकटपट्टी लावलेली, दरवर्षी असते तशी.

"तिनं गेल्या महिन्यातच तळून ठेवली होती," ते म्हणाले. "तुमच्यासाठी. माझ्याच्यानं उघडवत नव्हता."

रुपराव रितीचे पक्के. ते हळूच म्हणाले, पण हे तर मयतीच्याच घरचं झालं, याच्यानं मोकळं कसं होईन?

तव्हा माझं कुलूप उघडलं. "तळलं तव्हा सुतक होतं कुठी?" मी म्हटलं. "जित्या बाईच्या हातचं आहे, तिच्या घरच्या कढईतलं आहे, अन् हजार कोसावरून आलं आहे. अजून किती बाहेरचं पाहिजे तुम्हाले?"

रुपरावानं जरा विचार केला अन् टोपी काढली. म्हणाले, चालते.

फादरनं पट्टी सोडली. वरचं फूल उचललं अन् दत्तोपंताच्या तोंडात घातलं. दत्तोपंतानं ते चावलं. मंग डब्यातलं दुसरं घेतलं अन् फादरच्या तोंडापाशी नेलं. त्या अंगणात त्या फुलाचा कुरकुर आवाज आम्हाले साऱ्यायले ऐकू आला.

अन् फादर रडले. तिथंच, अंगणात, ओसरीच्या खांबाले डोकं टेकून, लहान लेकरासारखे. दत्तोपंत खाली उतरले अन् त्यायच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. आम्ही कोणी चूप व्हा म्हटलं नाही. त्यायले रडू देलं.

मंग जी धावपळ झाली ती काय सांगू. घरोघरी कढया खुंटीवरून उतरल्या. सुरुचीनं आमच्या आधी तेल ठेवलं. चांदणी तर आणलीच नव्हती, ती पोट्ट्यायनं बांबूच्या काड्यायले जुन्या पतंगायचा कागद लावून केली. एक टोक वाकडं झालं होतं, पण दिसत होती. टोल्यायवरचे लोक नाल्यापाशी येऊन थबकले, काहून की दत्तोपंताचा पोरगा कुऱ्हाडीनं काटे तोडून बाजूले करून राहिला होता. सारे संत्र्याच्या झाडायमधून सरळ चर्चमध्ये आले. घंटेचा दोर रुपरावानं सोडला. मिस्सेत मी मागच्या बाकावर बसतो, मले त्यातलं सारं समजत नाही. पण फादरचा आवाज त्या दिवशी मोकळा होता, एवढं समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन घरोघरी फिरले. जेवाले आले तव्हा डबा रिकामा होता. तो चुलीपाशी ठेवून म्हणाले, "फुलाबाई, पुढच्या साली आता डबा कुठून येईन?"

मले रडू येऊन राहिलं होतं, अन् रडू आलं की मले राग येते.

"काहून, मी मेली काय?" मी म्हटलं. "साचा तेवढा मागवून घ्या. पीठ किती घट्ट पाहिजे ते मले माहीत आहे, त्याच्यावरूनच तर आम्ही भांडलो होतो."

मी फादरच्या ताटात दुसरी पोळी टाकली, अन् त्यायनं ती मुकाट्यानं खाल्ली.