चौथ्या वर्षाचं अंजीर

फाल्गुन सरला होता. चैत्राचं कोवळं, केशरकांती ऊन माळावर निथळत होतं. ताम्रवर्ण टेकडी, धूलिधूसर वाट, आणि वाटेच्या टोकाला काळ्या पाषाणाचं, मौनव्रती चर्च. उत्तम शुक्रवारची विलापगीतं विरली होती. पुनरुत्थानाच्या रविवारची घंटा अजून मुकी होती. मधला शनिवार. ना शोकाचा, ना हर्षाचा. नुसता थांबण्याचा.

थांबणं हा तर शाळेतल्या शांतवन गुरुजींचा खास विषय. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात दर बुधवारी ते चर्चमध्ये त्यावर बोध करत. आजची गोडी सोडा, उद्याची दुपटीनं मिळेल, असं सांगताना त्यांचा स्वर मधात भिजल्यासारखा होई. तरुण मंडळी घड्याळाकडे बघत बसत. म्हणजे तीही एका परीनं थांबतच.

गुरुजींच्या परसात अंजिराचं झाड होतं. त्यांच्या पत्नीनं, एस्तेरबाईंनी लावलेलं, एस्तेरबाईंनीच नवसलेलं. तीन वर्षं फळ तोंडात घालायचं नाही, चौथ्या वर्षाचं पहिलं फळ प्रभूच्या वेदीवर, आणि मगच घरच्यांनी चाखायचं. जुन्या शास्त्रातला नियम. मंडळीत आता कुणी पाळत नसे. एस्तेरबाई पाळत. तीन बहार आले, तीन बहार त्यांनी स्वहस्ते मुळाशी पुरले.

आणि आता हे चौथं वर्ष. बाकी फळं हिरवी, मूठ आवळलेली. एकच तेवढं रंगावर आलेलं. नीलजांभळं, मखमलकांती, रसभारानं किंचित लवलेलं. पाखरांच्या भयानं एस्तेरबाईंनी त्याला मलमलीचं फडकं बांधलं होतं. उद्या सकाळी ते वेदीवर जायचं होतं.

दुपार तापली. पान हलेना. चाळीस दिवस बिनसाखरेचा चहा प्यालेले गुरुजी झाडाखाली आले. नुसतं पाहू, म्हणाले. पाहिलं. नुसतं हुंगू, म्हणाले. हुंगलं. पिकलंय की नाही तेवढं दाबून बघू, म्हणाले.

ज्या शनिवारी साक्षात प्रभूही कबरीत थांबून होता, त्या शनिवारी शांतवन गुरुजींच्यानं थांबवलं नाही.

आणि ते गोडही नव्हतं. एका दिवसानं कमी होतं. देठातला दुग्धधवल चीक तेवढा ओठांवर उतरला आणि निखाऱ्यासारखा धगधगत राहिला.

तिन्हीसांजेला एस्तेरबाई परसातून आल्या. "अहो, फळ कुठंय?"

"पाखरानं नेलं असेल."

"आणि फडक्याची घडी घालून पायरीवर ठेवून गेलं?" एस्तेरबाई त्यांच्या सुजलेल्या, फुगलेल्या ओठांकडे बघत राहिल्या. "मास्तर होतं वाटतं पाखरू."

गुरुजींना वाटलं, आता वीज कोसळेल. कोसळली असती तर बरं झालं असतं. एस्तेरबाईंनी खोबरेल तेलाची वाटी तेवढी त्यांच्यापुढे सरकवली.

"तीन वर्षं मी नाही हो खाल्लं," त्या हळूच म्हणाल्या. "मलाही आवडतं."

लाज ही काही झळाळत येत नाही. ती येते सांजेच्या छायेसारखी. पावलांवरून, गुडघ्यांवरून, छातीवरून, निःशब्द, शीतल, सर्वव्यापी. गुरुजी तिच्यात गळ्यापर्यंत बुडाले. चाळीस दिवसांचे बोध त्यांच्या कानात मधाळ स्वरात घुमू लागले. आणि तो स्वर त्यांचाच होता.

रविवार उगवला, घंटानादमुखर, शुभ्रवस्त्र, पुष्पगंधित. ज्याच्या घरी जे पहिलं पिकलं, ते घेऊन माणसं वेदीकडे निघाली. एस्तेरबाईंनी ताटली गुरुजींच्या हाती दिली. तिच्यात काही नव्हतं.

"तुम्हीच न्या," त्या म्हणाल्या.

ते चालले. इतकी लांब वाट त्या इवल्या चर्चमध्ये आली कुठून, त्यांना कळेना.

वेदीपाशी अर्पणं स्वीकारत उभ्या पाळकसाहेबांनी ताटलीत पाहिलं, मग ओठांकडे. "काय आणलंत, गुरुजी?"

पाखरू जिभेवर आलं होतं. तिथंच मेलं.

"चौथ्या वर्षाचं पहिलं अंजीर होतं," गुरुजी म्हणाले. सुजल्या ओठांतून शब्द बोबडे पडत होते. "तिचा नवस होता. मी खाल्लं."

तरुणांच्या बाकांवरून खुसखुस उठली, आणि आपोआप विझली.

पाळकसाहेबांनी ताटली वेदीवर ठेवली. सोनसळी ओंब्या, आरक्त टोमॅटो, टोपलीभर दुधट अंडी. भरलेलं, भरभरलेलं सारं. आणि मधोमध ती ताटली. वर्तुळाकार, श्वेत, निराभरण. भुकेल्या मुखासारखी उघडी, उघडी, आणि उपाशी.