भिंगरी की करडा

दुपारच्या शांततेत कागद चुरचुरला.

एवढासाच आवाज, पण आईच्या कानाला तेवढा पुरतो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या. लेक हरिणी झोपली आहे या समजुतीवर मी वही उघडली होती. दिवसातला एवढा पाऊण तास माझा, बाकी सगळा घराचा. दोन ओळी झाल्या होत्या. तिसरी अर्ध्यात सोडून उठले.

आतल्या खोलीत बाहुल्यांची पेटी उघडी होती. वर्तमानपत्रांत आणि आत्यांच्या विटक्या साड्यांत गुंडाळून वर्षभर निजवलेल्या बाहुल्या. त्यातल्या सातआठ जणांना आमच्या सात वर्षांच्या बाईसाहेबांनी वेळेआधीच जागं केलं होतं. लाकडी राजा-राणी, वाणी आणि वाणीण, एक गाय, मान डोलावणारी नर्तकी. नवरात्रात आमच्या तंजावुरात घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. त्याला अजून तीन आठवडे होते. पण दरवर्षी कोलूत एक तरी नवी बाहुली यावी लागते, आणि आमच्या घरात 'एक तरी'चं 'एकच' झालं आहे, कारण पेटीत जागा नाही. यंदाची हरिणीने निवडायची, असं आत्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

हरिणीने उशा रचून तीन पायऱ्या केल्या होत्या. मधल्या उशीवर एक जागा मोकळी.

"इथे कोण बसणार ग?" मी विचारलं.

"तेच तर!" ती कपाळाला हात लावून म्हणाली. हे तिने आत्यांकडून उचललं आहे. हरिणीला आमची मराठी सगळी कळते, उत्तर मात्र तमिळमध्ये येतं, मध्ये एखादा मराठी शब्द पाहुण्यासारखा. मी इथे तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे. हेल तेवढा तुम्ही मनात धरा.

"भिंगरी घे. किंवा करडा. तुला कोण आवडतं?"

"भिंगरी घेतली तर अप्पा हरतील. करडा घेतला तर तू हरशील."

मी हसले. "अग, तो आमचा खेळ आहे."

"मग तुम्ही इतक्या मोठ्याने का बोलता?"

तिने गाईला पुन्हा कागदात गुंडाळायला घेतलं.

आता हे भिंगरी आणि करडा कोण, ते सांगायला हवं. परदेशी वीरांच्या सिनेमांच्या दोन मालिका आमच्या घरात चालतात. तमिळ डबिंगमधली त्यांची नावं लांबलचक, म्हणून आमच्याकडे त्यांची बारशी वेगळी झाली. एक उजेडवाली मालिका. तिच्यात सगळं भर दुपारी घडतं. रंग असे की मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखं वाटावं. भिंगरी नावाची पोरगी गरगर फिरत येते, पूल कोसळत असतो, आणि ही बया विचारते, "माझा डबा कुणी पाहिला का?" शेवटी सगळे वीर एका टेबलाभोवती बसून जेवतात. ती मालिका माझी.

दुसरी अंधारवाली. तिच्यात नेहमी पाऊस. करडा नावाचा उंच माणूस, करडा कोट, आवाज रांजणातून आल्यासारखा. तो सबंध सिनेमात अकरा वाक्यं बोलतो. मारामारी एका अरुंद जिन्यात, तीही संगीताशिवाय, फक्त धापा ऐकू येतात. मग तो घरी येतो, दिवा न लावता बसतो आणि बुटांच्या नाड्या सोडतो. कॅमेरा त्या नाड्यांवर दोन मिनिटं. ही मालिका माझ्या नवऱ्याची.

अनिरुद्ध चेन्नईला नोकरी करतात. दर दुसऱ्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतात, रविवारी दुपारी परत. मधल्या दिवसांत फोन. फोनवर रोज काय बोलणार? जेवलात का, हो, तू, हो. मग कधीतरी भिंगरीवरून भांडण सुरू झालं आणि आम्हां दोघांना बोलायला विषय मिळाला. तसं पाहिलं तर दोन वर्षं आम्ही दुसरं काही बोललोच नाही, आणि सगळं बोललो. पण पलीकडच्या खोलीत सात वर्षांचे दोन कान आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शनिवारी अनिरुद्ध आले. पिशवी ठेवायच्या आत सुरुवात.

"अखिला, तुमच्या लोकांचा नवा सिनेमा पाहिला गाडीत. एकाचे डोळे जरा भरून आले की दुसरा लगेच विनोद करतो. रडू तरी द्या की माणसाला!"

"आणि तुमच्या गावात बल्ब मिळत नाहीत का हो? कोण कुणाला मारतोय ते तरी दिसू दे."

"दिसायला कशाला हवं? ऐकू येतं ना. ती खरी भीती."

"दोन तास भीती आणि शेवटी बुटाच्या नाड्या. मी एवढ्या वेळात इडलीचं वाटून काढते."

"माणूस घरी आल्यावर काय करतो ते दाखवतात. तुमची भिंगरी घरी गेलेली कधी पाहिलीस? तिला घर तरी आहे का?"

तेवढ्यात आत्या भोपळ्याच्या फोडी करता करता बोलल्या.

"तुम्हां दोघांचं ऐकून मला आमच्या लहानपणचे दोन कीर्तनकार आठवतात. एक रघुनाथबुवा. कंसाला मारताना सुद्धा लोकांना हसवायचे. कंस धोतर सावरत पळतो, असं काहीतरी. आणि दुसरे सेतुमाधवबुवा. ते उभे राहिले की पाण्याचा घोट घ्यायची सोय नाही. देवकीचं बाळ उचलून नेलं म्हणाले की बायका आपापली मुलं पोटाशी धरायच्या."

"मग चांगले कोण?" अनिरुद्धनी विचारलं.

"मी एका दिवशी इथे जायचे, दुसऱ्या दिवशी तिथे."

"आई, हे उत्तर नाही."

"तू विचारलास तो प्रश्न तरी कुठे होता," आत्या म्हणाल्या आणि फोडी धुवायला उठल्या.

अनिरुद्ध हसले आणि हरिणीकडे वळले. "काय कण्णू, तू कुठल्या पक्षात? उद्या बाहुलीवाल्याकडे जायचं. उद्या सांगितलं तरच कोलूपर्यंत होईल. सांग, करडा ना?"

"तिच्या तोंडात शब्द घालू नका हो. भिंगरी," मी म्हणाले. म्हणताना जीभ चावली, पण उशीर झाला होता.

हरिणीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिला एकाएकी तहान लागली. पाणी प्यायला गेली ती परसात जाऊन बसली.

त्या दुपारी दोघे करड्याचा सिनेमा बघत बसले. मी दारातून पाहत होते. हरिणी अप्पांच्या मांडीत. जिन्याचा प्रसंग आला की अनिरुद्धचा हात तिच्या डोळ्यांवर जातो. बोटांच्या फटीतून ती बघते, हे त्यांना ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, आणि तरी हात जातो. मी दोन वर्षं म्हणत होते की या पोरीला हा काळोख का आवडतो कळत नाही. बहुतेक तिला करडा आवडतच नव्हता. तिला तो हात आवडत होता.

आणि भिंगरीच्या सिनेमात ती पडद्याकडे कमी, माझ्याकडे जास्त बघते, हेही मला तेव्हाच आठवलं. मी कधी हसते त्याची वाट बघत असते.

रविवारी सकाळी आम्ही तिघे स्कूटरवरून राजवाड्यामागच्या गल्लीत गेलो. वैद्यनाथ तिथे कागदाच्या लगद्याच्या आणि मातीच्या बाहुल्या करतात. दारात रंगवायच्या बाहुल्या ओळीने उन्हात, अजून डोळे न काढलेल्या. फोटो दाखवला की ते काहीही करून देतात. गेल्या वर्षी एका घरासाठी त्यांनी एटीएमपुढची रांग केली होती.

मी आधीच अनिरुद्धना बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. मग ते हरिणीपुढे उकिडवे बसले. "कण्णू, तुला गाय हवी असेल तर गाय घे. हत्ती घे. आम्ही दोघं कशालाच हरत नाही."

"तुम्ही बाहेर थांबा," हरिणी म्हणाली. "दोघं."

आम्ही बाहेर थांबलो. आतून तिचा आवाज, मग वैद्यनाथांचा, मग पुन्हा तिचा. मध्येच वैद्यनाथ मोठ्याने म्हणाले, "असं कुठल्या सिनेमात आहे?" आणि हरिणी म्हणाली, "माझ्या."

पंधरा मिनिटांनी दोघं बाहेर आली. वैद्यनाथांच्या हातात फोन, फोनवर दोन्ही वीरांचे फोटो, आणि पाटीवर खडूने काढलेलं काहीतरी, जे त्यांनी पटकन छातीशी धरलं.

"अम्मा, अमावास्येला घेऊन जा. तोवर विचारायचं नाही, अशी मालकिणीची आज्ञा आहे."

"दोन सांगितल्या की काय? आमच्याकडे एकच असते," मी म्हणाले.

"एकच," वैद्यनाथ गंभीरपणे म्हणाले. "मी जन्मभर बाहुल्या मोजतो आहे."

अमावास्येला योगायोगाने अनिरुद्धचा शनिवार होता. सकाळपासून घरात नऊ पायऱ्यांची धांदल. स्टीलचे डबे, वर फळ्या, वर आत्यांची पांढरी नऊवारी पसरलेली. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी बसले. देव, त्यांच्याखाली संत, मग माणसं, गायी-म्हशी, आणि अगदी खाली वाण्याचं दुकान, खऱ्या डाळीतांदळासकट. चौथ्या पायरीवर मधोमध जागा मोकळी.

बाहुली पोचवायला वैद्यनाथ स्वतः आले. "पाटीवर तीनदा हात बदलायला लावला हिने," त्यांनी तक्रार केली. "म्हणे, बोटं मिटलेली नकोत. फट हवी. एवढ्या बारीक बोटांत फट काढायची म्हणजे चष्मा लावून सुद्धा जीव जातो."

कागद उलगडला.

एका पाटावर दोघं बसली होती. करडा, कोटासकट, मांडी घालून. त्याच्या मांडीत भिंगरी, पिवळा झगा, लाल पट्टा. करड्याचा हात तिच्या डोळ्यांवर. बोटांच्या फटीतून एक डोळा बाहेर बघणारा. आणि भिंगरी तोंड उघडून हसत होती, पुढचा एक दात नसलेली. आमच्या हरिणीचा तोच दात गेल्या महिन्यात पडला आहे.

अनिरुद्धनी बाहुली हातात घेतली आणि उगाच तिच्या बुडाकडे बघत राहिले. मी पदराने नाक पुसलं. अशा वेळी विनोद करायला माझी मालिका धावून यायला हवी होती, पण कुणी आलं नाही.

"हे तर दोघं आहेत," शेवटी अनिरुद्ध म्हणाले. "आई, नियमाचं काय?"

आत्यांनी चष्मा वर केला, बाहुली फिरवून पाहिली. हरिणीने श्वास धरला होता.

"पाट किती?" आत्यांनी विचारलं.

"एक."

"राम, सीता, लक्ष्मण एका पाटावर असतात ते आपण किती धरतो? एकच. जिचा पाट एक, ती बाहुली एक. ठेव."

हरिणीने एवढा मोठा श्वास सोडला की वैद्यनाथ सुद्धा हसले. आत्यांनी त्यांना वाटीभर सुंडल दिलं, खोबरं पेरलेली हरभऱ्याची उसळ, आदल्या दिवशीच करून बघितलेली. "नवरात्रात पुन्हा या, आज मीठ कमी आहे," असं बजावूनच.

"आजी, पण ही पायरी माणसांची. वीर देवांत की माणसांत?"

"उडतो का तो?"

"करडा नाही उडत. भिंगरी उडते, पण पडते पण."

"पडतात ती माणसं," आत्या म्हणाल्या, आणि दोघं चौथ्या पायरीवर बसली. एका बाजूला कापडवाला, दुसऱ्या बाजूला मान डोलावणारी नर्तकी.

रविवारी दुपारी अनिरुद्ध निघाले. "जाऊन येतो," म्हणाले, आणि कोलूपुढे जाऊन करड्यालाही तेच सांगितलं. मग माझ्याकडे वळून, "बाय द वे, मांडी घालून बसलेला करडा हा अंधारवाल्यांचा विजय आहे."

"हसतंय कोण तिच्यात? तोंड बघा."

"फोनवर बोलू."

"बोलूच."

हरिणी या वेळी पाणी प्यायला गेली नाही. आमचं ऐकत तिथेच उभी होती, नर्तकीची मान बोटाने हलवत.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. मी दार लावून आत आले. हरिणी चौथ्या पायरीपुढे बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर. मी तिच्याशेजारी बसले.

"आई, अप्पा नसताना करड्याचा सिनेमा लागला तर तू ठेवशील ना माझ्या डोळ्यांवर हात?"

"ठेवीन की."

"फट ठेवून?"

"फट ठेवून."

तिने मान डोलावली. करड्याच्या कोटावरची धूळ, नव्हतीच ती, बोटाने झटकली. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"आणि तिकडे अप्पा एकटेच बघतात. त्यांना भीती वाटली की त्यांच्या डोळ्यांवर कोण हात ठेवतं?"