आडोशाबाहेरचं दान

“ताई, तो आडोसा काढा,” ड्रायव्हर म्हणाला.

ताईंच्या मुठीतला फासा मुठीतच राहिला. त्यांच्यासमोर टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा होता. राक्षसांची दानं त्या त्याच्यामागे टाकत आणि काय पडलं ते तोंडी सांगत. खेळ चालवणाऱ्याचा तो हक्कच. नऊ वर्षांत कुणी त्याला हरकत घेतली नव्हती.

“का हो? काय झालं?”

“सहा रविवार झाले. राक्षसाचा एक घाव लागत नाही माझ्या पोरीला.”

औषधवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने चहाच्या कपाकडे.

ताई आठवडाभर कवळ्या बनवायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यावरून एकेक दात घासूनपुसून बसवायचा. रविवारी दुपारी त्याच खोलीत साचे बाजूला सारायचे आणि पट मांडायचा. पटावरच्या सोंगट्याही त्यांनीच उरल्यासुरल्या प्लास्टरमधून कोरलेल्या. खेळायला चौघं येत. औषधांचं दुकान चालवणारा आणि त्याची बायको, बसचा ड्रायव्हर आणि त्याची एकोणीस वर्षांची मुलगी. बूड टेकून ती कधी बसलीच नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. खेळात प्रत्येकाचं एक पात्र होतं. औषधवाला चोर व्हायचा (“दिवसभर इमानदारी करून कंटाळा येतो हो”), त्याची बायको धनुर्धारी, ड्रायव्हर हमाल आणि भिंगरी वैदीण. ताई गोष्ट सांगत, संकटं आणत. कुणाच्या अंगात किती बळ, समोर किती राक्षस सोडायचे, हे त्या आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलने जुळवून बघत. सोपं केलं तर खेळ आळणी होतो आणि अवघड केलं तर सगळेच मरतात.

भिंगरी चार महिन्यांपूर्वी गेली. रक्ताचा कर्करोग.

त्यानंतर बरेच दिवस पट उघडलाच नाही. मग एका रविवारी ड्रायव्हर आला आणि त्याने टेबलावर दोन कागद ठेवले, एक आपल्या पात्राचा, एक तिच्या पात्राचा. “दोन्ही मीच खेळतो,” म्हणाला. एकाने दोन पात्रं घ्यायची नाहीत, हा नियम ताईंचाच. पण त्यांनी तो मोडू दिला, आणि त्या दिवसापासून त्या आडोशामागे दर रविवारी खोटं बोलू लागल्या. वीस बाजूंच्या फाशावर मोठं दान पडलं की घाव लागतो; सतरा पडले की चार सांगायच्या. अठरा पडले की म्हणायच्या, हुकलं.

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं, भाऊ.”

“माहितेय मला. पण तिला नसतं चाललं. एकदा तुम्ही तिला असंच वाचवलं होतं, तर घर येईपर्यंत बडबडत होती. मावशीने मला कुक्कुलं बाळ समजलं म्हणून.”

ताईंनी आडोसा मिटून खाली ठेवला. पटावर गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा होता आणि त्याच्यासमोर सगळ्यांत पुढे वैदीण. भिंगरी तिला नेहमी पुढेच घुसवायची. ड्रायव्हरही तसंच करायचा.

वीस बाजूंचा फासा उघड्या टेबलावर गडगडत गेला. वीस पडले. म्हणजे दुप्पट घाव. ताईंनी बाकीचे फासे टाकले, बेरीज केली, पुन्हा केली.

“वैदीण पडली.”

“मेली?”

“हो.”

औषधवाल्याच्या बायकोचा बाण पुढच्याच दानाला बसला आणि राक्षसही कोसळला. पण एरवी टाळ्या पिटणारी ती, तिने हातही हलवला नाही.

“अरे थांबा थांबा,” औषधवाला म्हणाला. “माझ्या चोराकडे ती पोथी आहे ना, जादूगाराकडून ढापलेली. मेलेल्याला उठवायची. वाचली की झालं.”

ताईंना पुढचा नियम पाठ होता. तो गिळून टाकावा असं त्यांना फार वाटलं. पण आडोसा त्यांनी आत्ताच मिटला होता.

“एक अट आहे,” त्या म्हणाल्या. “मेलेल्याची परत यायची इच्छा पाहिजे. आणि ती ज्याचं पात्र, त्याने सांगायची.”

“मग येते म्हणा की, भाऊ,” औषधवाल्याची बायको हळूच म्हणाली. “आपलाच तर खेळ आहे.”

ड्रायव्हर वैदिणीच्या कागदाकडे बघत राहिला. भिंगरीचं अक्षर तिरकं होतं, चौकटीबाहेर जाणारं.

“दुसऱ्यांदा केमोची औषधं दिली ना, तेव्हा ती म्हणाली होती, बाबा, आता पुरे. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा देऊन बघू, पण आशा कमी आहे. सज्ञान होती, सही तिनेच करायची होती. मी तिच्या पायाशी बसून रडलो. म्हटलं, माझ्यासाठी कर. केली तिने. नंतर अडीच आठवडे तोंडभर फोड. पाण्याचा घोट उतरत नव्हता.”



“भाऊ, मी नाही विचारत,” ताई म्हणाल्या. “राहू दे तो नियम.”

“नाही. विचारा तुम्ही. नीट विचारा.”

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. “वैदिणीला परत यायचंय का?”

“नको म्हणते.”

औषधवाल्याने पोथीचा कागद घडी घालून स्वतःच्या कागदांखाली सरकवला.

“माझा हमाल तिला उचलतो, वस्तीपर्यंत नेतो,” ड्रायव्हर म्हणाला.

“उचला.”

“ओझं लिहा.”

“राहू दे ना, भाऊ. ओझं नाही धरत मी.”

“धरा. अंगावर माणूस असला की चाल निम्मी होते ना?”

“होते.”

“मग निम्मी.”

वस्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला होती, चाळीस चौकटी लांब. हमाल एरवी एका चालीत सहा चौकटी जायचा. ताईंनी त्याची सोंगटी तीन चौकटी पुढे सरकवली. बाकी दोघांना पूर्ण चालीची मोकळीक होती. औषधवाल्याने आपला चोर उचलला, बोटाने तीन चौकटी मोजल्या आणि हमालाशेजारी ठेवला. त्याच्या बायकोनेही तसंच केलं.

“पुढची चाल,” ड्रायव्हर म्हणाला.