दोघांच्या वतीने एक हज

आईबापासाठी लेकराने केलेला हज थेट जन्नतच्या दारात जाऊन पोचतो, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. अडचण एवढीच, की तो एका वेळी एकाच्याच नावाने पोचतो, आणि याकूबभाई तुंगेकरांना आईबाप धरून दोघं होते.

ही अडचण त्यांना घाटकोपरच्या मशिदीत, असरच्या नमाजनंतर, मौलाना जुनैद फकी यांनी समजावून सांगितली. मौलाना वयाने याकूबभाईंच्या मुलाएवढे, पण बोलण्यात कुठेही लवचीकपणा नव्हता.

"चाचा, तुमचा स्वतःचा हज झालाय ना?"

"झाला. रिटायर झालो तेव्हाच."

"मग प्रश्नच नाही. ज्याचा स्वतःचा झालाय, त्यानेच मयताच्या वतीने बदली हज करायचा. एका हजला एक नाव. तुम्ही कुणाचं घेणार?"

"दोघांचं घ्यावं म्हणत होतो."

"एका सीटवर दोन पॅसेंजर बसत नाहीत, चाचा."

मुंबईत जन्मलेला माणूस असं म्हणू शकतो याचं याकूबभाईंना नवल वाटलं. जोगेश्वरीच्या शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या सीटवरसुद्धा तिघं बसलेले त्यांनी पाहिले होते. पण मशिदीत वाद घालायचा नसतो.

"आईचा हक्क आधी," मौलाना म्हणाले. "यंदा वालिदांचं नाव घ्या... माफ करा, वालिदांचं, म्हणजे वडिलांचं, पुढच्या वर्षी. यंदा वालिदासाहेबांचं."

मौलानांचीसुद्धा जीभ अडखळली, यातच काय ते आलं, असं याकूबभाईंना वाटलं.

पुढचं वर्ष ही गोष्ट त्यांच्यापाशी तितकीशी खात्रीची नव्हती. छातीत दोन स्टेंट होते. यंदाचं ऐकून डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला होता. पुढच्या वर्षाचं विचारल्यावर ते "बघू" म्हणाले होते, आणि डॉक्टरचं "बघू" कसं असतं हे त्या वयात कळतं. थोडक्यात, जो मागे राहील तो मागेच राहणार होता. आणि बाप हसनमियां व आई मरियमबी यांच्यापैकी कुणीही मुकाट्याने मागे राहणाऱ्यातलं नव्हतं.

मुकाटपणाचा त्यांना सराव मात्र भरपूर होता.

हसनमियां बोटीवर खलाशी होते. एका खेपेला त्यांनी परदेशातून टेबलफॅन आणला. घाटकोपरला चिरागनगरच्या खोलीत मरियमबीने त्याच्यासाठी भिंतीला फळी ठोकून घेतली, फळीवर फुलाफुलांचं कापड घातलं. फॅनने तिथे एक रात्र मुक्काम केला. मग हसनमियांनी तो दाभोळला बहिणीकडे पाठवून दिला, कारण बहिणीकडे फार उकडतं. "आणि इथे?" असं मरियमबीने विचारलं. नवऱ्याशी ती थेट बोलली ते हे शेवटचं. पुढे याकूबच्या पाठच्या नफीसाचा जन्म झाला, त्यामुळे अबोला फक्त बोलण्यापुरताच होता असं म्हणायला हरकत नाही. पण तो दोघांनी मरेपर्यंत निष्ठेने पाळला.

मधला सगळा कारभार याकूबकडे आला.

"याकूब, तुझ्या अब्बांना सांग, जेवण वाढलंय." अब्बा ताटासमोरच बसलेले असायचे.

"याकूब, तुझ्या मांला सांग, दिसतंय."

याकूबला यात कसब आलं. मां म्हणायची, "तुझ्या बापाला सांग, तोंड धुवून ये म्हणावं, वास मारतोय." याकूब सांगायचा, "अब्बा, पाणी गरम आहे." अब्बा म्हणायचे, "तिला म्हणावं, माशात मीठ घालायची पद्धत आहे." याकूब सांगायचा, "मां, अब्बांना आज जरा लोणचं हवंय." पुढे महापालिकेच्या पाणी खात्यात तक्रारींच्या खिडकीवर त्यांनी अख्खी नोकरी केली, तेव्हा वेगळं काही शिकावं लागलं नाही.

अब्बा गेल्यावरही सुटका झाली नाही. कबरीवर फातेहा पढायला निघालं की मां दारातून म्हणायची, "त्यांना सांग, गावचं घर शाकारून घेतलं." मग मांही गेली आणि याकूबभाईंना इतकं शांत वाटलं, की त्यांनी कान तपासून घेतले.

आता त्यांच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये पुन्हा दोन पक्ष पडले. बहीण नफीसा जोगेश्वरीहून फोन करायची. "अब्बा आधी गेले, भाईजान. लाइनीत आधी कोण उभं आहे?" बायको रेहाना भाजी निवडता निवडता म्हणायची, "मांचं आधी करा. अब्बा काही विचारायला येणार नाहीत. त्या येतील, आणि मला विचारतील."

रेहानाचा अंदाज चुकला. दोघंही यायला लागले.

दुपारी जेवून याकूबभाई खिडकीपाशी आडवे होत. खिडकीतून मुलुंडच्या मागचे डोंगर दिसत, उन्हात विरघळल्यासारखे, कडा नसलेले. डोळा लागतो न लागतो तोच खोलीला चिरागनगरचा वास यायचा, रॉकेलचा आणि सुक्या बोंबलांचा. मग दिसायचं, की डोंगराच्या उतारावरून दोघं चालत येताहेत. मधे चांगलं रिक्षा जाईल एवढं अंतर. अब्बांच्या खांद्यावर बोटीवरची पिशवी, मांच्या हातात तिची स्लीपर, कारण चिखलात ती स्लीपर काढायची. येऊरचं रान ओलांडून, सोसायटीची भिंत ओलांडून, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, पायरी चढावी तितक्या सहज ती आत यायची. अब्बा सोफ्यावर बसायचे, मां जमिनीवर. दोघं याकूबभाईंकडे बघत राहायची. निरोप कुणीच सांगायचं नाही. याकूबभाई घामाघूम होऊन उठायचे आणि रेहानाला विचारायचे, "कोण आलं होतं?" ती म्हणायची, "कुरियरवाला."

शेजारचे गुणाजी हे खात्यातले जुने सोबती. मूळचे मालवणकडचे, बापाची गिरणी बंद पडली तेव्हापासून मुलुंडला. संध्याकाळी जिन्याखाली बाकावर दोघं बसत. गुणाजींनी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"म्हणजे उन्हात तू भाजणार, चालून चालून तुझे पाय सुजणार, आणि नाव त्यांचं?"

"तेच तर बदली."

"खात्यात पण हेच केलंस जन्मभर. काम तू करायचास, सही देशमुखसाहेबाची." गुणाजींनी तंबाखू मळली. "आमच्यात बरं आहे बघ. पितृपक्षात भटजी सगळ्यांना एकदम हाका मारतो. बाप, आजा, पणजा, त्यांच्या बायका. एकाच पानावर. आजा-आजीचं पटायचं नाही, पण येतात बिचारे. येत असावेत. कावळा तरी येतो."

"आमच्यात तसं चालत नाही रे."

"विचारलंस का?"

"विचारलं. एका सीटवर दोघं नाहीत."

"मग एकाला सांग, मांडीवर बस," गुणाजी म्हणाले, आणि हा विषय त्यांच्यापुरता संपला.

याकूबभाईंनी मनाशी ठरवून टाकलं. मां. हक्क तिचा आधी, मौलानांनी सांगितलेलं, रेहानाचाही जीव सुटेल. नफीसालाही कळवलं. ती म्हणाली, "अब्बांना तूच सांग." आणि फोन ठेवला.

निघायच्या दिवशी घरभर माणसं होती. सगळ्यांनी गळाभेट घेतली, चुकल्यामाकल्याची माफी मागितली. गुणाजी आणि त्यांची बायको जानकी हार घेऊन आले. "हा तुझ्या आईला," जानकीवहिनी म्हणाल्या, "पण आता घाल तूच." हार घातलेले याकूबभाई आरशात बघून दचकले. हार घातलेल्या अवस्थेत त्यांच्या घराण्यातलं कुणीच कधी दिसलं नव्हतं.

विमान दुपारचं होतं. सबंध विमान पांढरं. एहरामच्या दोन न शिवलेल्या कापडांत गुंडाळलेली माणसं रांगेने बसलेली, सगळी सारखी, जणू एकाच माणसाचे धुऊन वाळत घातलेले कपडे. विमान अंधेरीवरून वर चढलं. याकूबभाईंनी खिडकीतून घाटकोपर शोधलं, पण टेकड्या, खाडी, निळ्या ताडपत्र्या, सगळं एकमेकांत मिसळून गेलं आणि वर ढग आले.

मक्केच्या वाटेवरची मीकातची हद्द जवळ आली की सूचना होणार होती. ती हद्द ओलांडायच्या आधी नियत करायची, म्हणजे हज कुणाच्या वतीने ते मनाशी पक्कं करून मोठ्याने बोलायचं. याकूबभाई पुटपुटत होते, लब्बैक, हाजिर आहे, मरियमबीच्या वतीने. मरियमबीच्या वतीने. पुटपुटता पुटपुटता ढगांतून रॉकेलचा वास आला.

विमानाची चिरागनगरची खोली झाली होती. म्हणजे विमानच होतं, गोल खिडक्या तशाच होत्या, पण खाली शहाबादी फरशी होती आणि ढग मोरीच्या उंबऱ्यापर्यंत आले होते. अब्बा दारापाशी ट्रंकेवर बसलेले. मां चुलीपाशी. दोघांनी पांढरं घातलं होतं. याकूबभाई मधोमध, कंबरेला पट्टा बांधलेला, उठता येईना.

"याकूब," मां म्हणाली, "तुझ्या अब्बांना विचार, त्यांना यायचंय का."

"अब्बा, मां विचारते..."

"तुझ्या मांला सांग, तिने आधी जावं. मी मागून येतो."

"मां, अब्बा म्हणतात..."

"त्यांना सांग, मागून येतो म्हणून गेलेला माणूस दोन वर्षं बोटीवर असतो."

अब्बा गोल खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर ढगांत दाभोळची जेटी तरंगत होती, तिला कुठली बोट लागलेली नव्हती. "तिला सांग," ते म्हणाले, "मी रांगेत उभा राहीन. मला सवय आहे."

याकूबभाईंना ते शब्द बदलून सांगता येईना. गोड करून सांगावं असं त्यात काही नव्हतं. मग जन्मात पहिल्यांदा ते म्हणाले, "तुम्हीच बोला ना एकमेकांशी. मला बोलावं लागणार आहे दुसरीकडे."

दोघं त्यांच्याकडे बघत राहिली, सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरीने राजीनामा दिल्यावर लोक बघतात तशी. चुलीवरचं पाणी उकळायचं थांबलं. मां उठली. स्लीपर हातात घेऊन फरशी ओलांडून ती आली आणि याकूबभाईंच्या डाव्या बाजूला उभी राहिली. अब्बाही ट्रंकेवरून उठले, उजव्या बाजूला आले. दोघांच्या अंगाला थंड कापडाचा वास होता. इतकी जवळजवळ ती कधी उभी राहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं; मधे फक्त ते स्वतः होते.

तेवढ्यात सूचना झाली. आजूबाजूची सगळी पांढरी माणसं एकदम बोलायला लागली. लब्बैकचा आवाज समुद्रासारखा उठला. डोळे उघडे होते की मिटलेले हे याकूबभाईंना कळेना, पण दोन्ही दंडांवर दोन हात होते, एवढं कळत होतं. हद्द जवळ येत होती.

"लब्बैक," ते मोठ्याने म्हणाले. "हाजिर आहे. हसनमियां आणि मरियमबी, दोघांच्या वतीने."

मन लावून म्हणाले. जीभ घसरली असं नंतर त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

पुढचं सगळं पाण्याखाली चालल्यासारखं झालं. काब्याभोवती माणसांचा भोवरा सावकाश फिरत होता आणि त्यात याकूबभाईंना चालावंच लागत नव्हतं. डावीकडून आणि उजवीकडून कुणीतरी त्यांना उचलून नेत होतं. अराफातच्या मैदानावर तंबूत दुपारी ते डोळे मिटून पडले, तेव्हा मागे कुजबुज ऐकू आली. एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा. मधेच थांबत, मधेच एकमेकांवर चढत, नव्याने बोलायला लागलेली माणसं बोलतात तशी. शब्द कळत नव्हते. याकूबभाईंनी कान दिला नाही. त्यांना कुणी काही सांगायला सांगत नव्हतं. त्या उन्हात ते असे झोपले, की शेजारच्या भिवंडीवाल्याने नाकाशी हात धरून पाहिला.

परतल्यावर मुलुंडला खजूर आणि जमजमचं पाणी वाटण्यात घर भरून गेलं. नफीसा आली तेव्हा तिला त्यांनी आत नेऊन सांगितलं. ती रडली. मग रेहानाला सांगितलं. तीही रडली, आणि नणंद-भावजयींनी मिळून बिर्याणी केली, जे याआधी घडलेलं नव्हतं. खाली बाकावर गुणाजी म्हणाले, "बसवलंस ना दोघांना?" याकूबभाई म्हणाले, "बसवलं." त्यांची दुपारची झोप सुधारली. डोंगरावरून कुणी येईना.

मग मौलाना फकींना दावत दिली. रेहानाने सुरमई तळली होती, तांदळाची भाकरी होती. मौलाना मन लावून जेवत होते. याकूबभाईंना राहवेना. त्यांनी सगळं सांगितलं. स्वप्न तेवढं वगळलं.

मौलानांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"एकाच एहरामात? दोघांची नियत, एकदम?"

"एकदम. मन लावून."

"पक्कं आठवतंय?"

"मोठ्याने म्हटलं मी."

नफीसा दारात उभी होती, रेहाना भाकरी घेऊन थांबली होती.

"आपल्या शाफई मसलकात, आपल्या परंपरेत, याचा निवाडा साफ आहे, चाचा," मौलाना म्हणाले. "दोघांच्या नावाने एकत्र एहराम बांधला, की तो दोघांपैकी कुणालाच लागू होत नाही. करणाऱ्याच्या खात्यात जातो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे आता दोन झाले. त्यांचा अजून एकही नाही."